तालुक्याच्या कॉलेजातून कॉन्फोकलपर्यंत

'हे एकदा कॉन्फोकलवर बघून घ्या.' पीएचडीच्या बैठकीत हे वाक्य बोलायला दोन सेकंद लागतात. ते पाळायला मला २०२४ च्या जूनपासून २०२५ चा जानेवारी उजाडला. त्यातला मशीनपुढचा वेळ अगदी थोडा. बाकी सगळा पत्रव्यवहार, कोटेशनं, रजेचे अर्ज आणि मुळं उकळण्यात गेला. कॉन्फोकल, म्हणजे जाड नमुन्याचा एकेक थर वेगळा दाखवणारा लेसर मायक्रोस्कोप, कसा चालतो यावर माहिती रग्गड आहे. तालुक्याच्या कॉलेजातून त्याच्यापर्यंत पोचायचं कसं, हे मात्र मला कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून घडलं तसं लिहिते.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएचडी करते. विषय रब्बी ज्वारीच्या मुळांतली मायकोरायझा बुरशी. जमिनीतली ही बुरशी बारीक मुळांत शिरते, पिकाला स्फुरद मिळवून देते आणि बदल्यात पिकाकडून साखर नि स्निग्ध पदार्थ घेते. ही देवाणघेवाण चालते मुळाच्या सालीतल्या पेशींच्या आत. तिथे बुरशीला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे बारीक बारीक फाटे फुटतात, त्याला आरबस्क्यूल म्हणतात. माझं सगळं काम हे आरबस्क्यूल मोजण्यावर उभं आहे. कुठल्या शेतातल्या मालदांडी ज्वारीत ते जास्त, कुठल्या शेतात कमी, आणि का.

मोजायची रूढ पद्धत फिलिप्स आणि हेमन यांची, १९७० सालची. मुळं पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळून पारदर्शक करायची, ट्रायपॅन ब्लूने रंगवायची, स्लाइडवर दाबून साध्या कंपाउंड मायक्रोस्कोपखाली मोजत बसायचं. स्वस्त आहे, कुठल्याही कॉलेजात जमते. मीही तेच करत होते.

जूनच्या आरएसीत, म्हणजे पीएचडीच्या सल्लागार समितीच्या बैठकीत, बाहेरून आलेल्या तज्ज्ञ मॅडमनी माझा त्यातल्या त्यात चांगला फोटो पडद्यावर थांबवला आणि विचारलं, 'ही निळी गाठ पेशीच्या आत आहे, की वरच्या थरातल्या धाग्यांचा गुंता तिच्यावर आलाय? कशावरून सांगता?' प्रश्न रास्त होता. दाबून चपटं केलं तरी मुळात पेशींचे तीन-चार थर उरतातच. साध्या मायक्रोस्कोपमध्ये फोकसमधल्या थराबरोबर वरचे-खालचे थरही धूसर होऊन त्याच चित्रात मिसळतात. खोली कळायला मार्ग नसतो. बैठकीच्या इतिवृत्तात ओळ पडली, 'निवडक नमुन्यांचं कॉन्फोकल इमेजिंग करावं.' आमचे गाइड सर बाहेर आल्यावर म्हणाले, 'ओळ पडलीय ते बरंच झालं, आता खर्च मागता येईल.' तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं. पुढे कळलं की ती ओळ नसती तर कॉलेजच्या ऑफिसात माझा कागद पहिल्या टेबलावरच अडला असता. इतिवृत्ताची सहीशिक्क्याची प्रत लगेच काढून ठेवा.

कॉन्फोकल काय करतो ते थोडक्यात. नमुना फ्लुओरोसंट डायने, म्हणजे ठरावीक प्रकाश पडला की स्वतः चमकणाऱ्या रंगाने, रंगवलेला असतो. लेसरचा बारीक ठिपका त्याच्यावरून ओळीओळीने फिरतो आणि नमुन्यातून परत येणारा प्रकाश डिटेक्टरवर पडण्याआधी एका सूक्ष्म छिद्रातून, म्हणजे पिनहोलमधून जातो. फोकसच्या पातळीतून आलेला प्रकाश छिद्रातून पार होतो, वरचा-खालचा अडतो. मग फोकस एकेक मायक्रॉनने (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने) खाली नेत गेलं की ब्लेड न लावता मुळाचे काप मिळतात. कल्पना मार्विन मिन्स्की यांची. मेंदूच्या जाड तुकड्यातल्या पेशी नीट दिसत नाहीत म्हणून त्यांनी हे यंत्र बांधलं आणि १९५७ मध्ये पेटंटचा अर्ज केला. तेव्हा लेसर जन्मालाही आला नव्हता, त्यामुळे आर्क दिव्यावर भागवलं होतं, आणि प्रकाशाचा ठिपका फिरवण्याऐवजी नमुनाच हलवला जायचा. पुढे मिन्स्की कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळले, नि लेसरवाले कॉन्फोकल जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत रुळायला १९८० च्या दशकाचा शेवट आला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मशीन शोधायला घेतलं. भारत सरकारचं आय-स्टेम नावाचं पोर्टल आहे. सरकारी पैशातून घेतलेली उपकरणं कुठे आहेत आणि बाहेरच्यांना वापरता येतात का, हे तिथे कळतं. यादी चांगली आहे, पण तिच्यावर विसंबून तारखा धरू नका. यादीतलं मशीन त्या महिन्यात चालू आहे का, हे फोनवरच कळतं. काही ठिकाणांहून उत्तर आलं नाही, एका ठिकाणी बाहेरच्यांना डिसेंबरपर्यंत स्लॉट नव्हता. शेवटी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेतून आठवडाभराने फॉर्म आला.

पहिल्या मेलमध्येच काय लिहायचं ते सांगते, कारण उत्तर येण्या-न येण्यात त्याचा मोठा वाटा असतो. नमुना कशाचा, जिवंत की मृत, जाडी किती, कुठला डाय लावणार, किती स्लाइड, आणि चित्रातून नक्की काय ठरवायचंय. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. 'कॉन्फोकल करायचं आहे, दर कळवावा' अशा मेलला नुसतं दरपत्रक येतं. 'बुरशी पेशीच्या आत आहे की बाहेर हे ठरवायचं आहे' असं लिहिलं तेव्हा तिथल्या ऑपरेटरने स्वतः फोन केला.

दर असा होता: कॉलेज-विद्यापीठांसाठी ऑपरेटरसकट तासाला ९०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, कमीत कमी दोन तास. तीन तासांचे ३,१८६ रुपये झाले. कंपन्यांसाठीचा दर याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे फॉर्मवर 'शैक्षणिक' ही खूण केली आहे का ते बघा. फॉर्मसोबत गाइडची सही, प्राचार्यांचं पत्र, ओळखपत्र, आणि नमुना संसर्गजन्य वा किरणोत्सारी नाही असं प्रतिज्ञापत्र. पेपर छापला तर आभारात फॅसिलिटीचं नाव घालीन, हेही लिहून द्यावं लागलं. तेवढं लिहून द्यायला कुणाची हरकत नसावी.

पैसे भरणं हा वेगळाच अध्याय. संस्थेला ऑनलाइन आणि आगाऊ पैसे हवे होते. आमच्या कॉलेजचा शिरस्ता चेकचा, तोही काम झाल्यावर. मी प्रोफॉर्मा इन्व्हॉइस घेऊन ऑफिसात गेले तर भाऊसाहेब म्हणाले, 'मॅडम, काम व्हायच्या आधी बिल कसलं?' त्यांचं त्यांच्या जागी बरोबर होतं. लेखापरीक्षणात उत्तर त्यांना द्यावं लागतं. दोन दिवस फाइल फिरली आणि शेवटी त्यांनीच मार्ग सांगितला: पैसे मी माझ्या खात्यातून भरायचे, पावती मात्र कॉलेजच्या नावाने आणि कॉलेजच्या जीएसटी क्रमांकावर घ्यायची, म्हणजे नंतर परत मिळतील. पावती एकदा व्यक्तीच्या नावाने निघाली की बदलून मिळत नाही, असं त्यांनी बजावलं. हे मला दुसऱ्या कुणीच सांगितलं नसतं.

इकडे डायची जुळवाजुळव चालू होती. बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, ज्वारीच्या पेशीभिंतीत नसतं. गव्हाच्या अंकुरातलं एक प्रथिन, ज्याला सगळे डब्ल्यूजीए म्हणतात, ते कायटिनला जाऊन चिकटतं. या प्रथिनाला अॅलेक्सा फ्लुओर ४८८ हा डाय जोडलेला विकत मिळतो. ४८८ नॅनोमीटरचा निळा लेसर मारला की बुरशी हिरवी चमकते. ज्वारीच्या पेशीभिंती दिसाव्यात म्हणून दुसरा डाय प्रोपिडियम आयोडाइड, तो लाल. हा दुसरा स्वस्त आहे. पहिल्याच्या ५ मिलिग्रॅमच्या कुपीचं कोटेशन पाच आकडी आलं, वर पोचायला दीड-दोन महिने.

इथे जरा आकडेमोड करा. मी वापरलं ते प्रमाण मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका कुपीत अर्धा लिटर द्रावण होतं, आणि एका नळीला लागतं जेमतेम एक मिलिलिटर. आख्खी कुपी मला जन्मात संपली नसती. विद्यापीठातल्या एका सीनियरच्या लॅबमध्ये ती होतीच, तिथून चार थेंबांचे छोटे वाटे मिळाले. फॉइलमध्ये गुंडाळून, बर्फाच्या थर्मासमध्ये एसटीने आणले. हे वाटे फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि एकदा वितळवलेला पुन्हा गोठवायचा नाही. विकत घेण्याआधी आजूबाजूच्या लॅबमध्ये विचारा. लोक देतात, आपणच विचारत नाही.

ऑगस्ट-सप्टेंबर रंगवण्यात गेले. मुळं मागच्या डिसेंबरात, पीक निसवायच्या सुमाराला काढलेली, ५० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलेली होती. पद्धत कागदावर सोपी दिसते. १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ९० अंशांवर वॉटरबाथमध्ये उकळायची, धुवायची, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने अल्कली मारायची, सात पूर्णांक चार पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये धुऊन डायमध्ये रात्रभर अंधारात ठेवायची. पण ज्वारीची एक खोड आहे. तिला जखम झाली किंवा बुरशी लागली की ती लालसर रंगद्रव्यं तयार करते. अल्कलीत तासभर उकळूनही माझी मुळं चहाच्या रंगाची राहिली. मग अमोनिया घातलेल्या सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवली, तेव्हा हळूहळू फिकी होत वाळल्या गवताच्या रंगावर आली. किती वेळ ठेवायचं ते मुळाच्या वयावर आहे. दर पाच मिनिटांनी पांढऱ्या कागदावर नळी धरून बघावं. जास्त झालं की चिमट्यात धरताच साल निसटते आणि हातात नुसती मधली दोरी राहते. आमच्या लॅबमधले मामा वॉटरबाथवर नजर ठेवून असायचे, कारण दुपारी वीज जायची आणि पाणी कधी थंड झालं ते कळायचं नाही. प्रोपिडियम आयोडाइड डीएनएलाही चिकटणारं रसायन आहे, तेव्हा हातमोजे घालूनच काम करा आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका. नळ्यांवर नावं पेन्सिलीने लिहा. अल्कोहोल लागलं की मार्करची शाई जाते.

फोनवर ऑपरेटर म्हणाला होता, 'मॅडम, येण्याआधी कुठल्याही साध्या फ्लुओरोसन्स मायक्रोस्कोपवर एकदा बघून या. नुसत्या अंधाराचे तासाला नऊशे कशाला भरता?' तालुक्याला फ्लुओरोसन्स मायक्रोस्कोप कुठून आणायचा? तो होता पॅथॉलॉजी लॅबमध्ये. क्षयाच्या थुंकी-तपासणीत ऑरामाइन नावाचा डाय वापरतात, आणि तो बघायला निळ्या एलईडीचा फ्लुओरोसन्स मायक्रोस्कोप लागतो. माझाही डाय निळ्याच प्रकाशावर चालणारा. ओळखीच्या डॉक्टरांनी दुपारी पेशंट नसताना बसू दिलं. पहिल्या स्लाइडवर सगळं झगमगलं आणि मी खूष झाले. मग न रंगवलेलं मूळ ठेवलं, तर तेही चमकत होतं!

याला ऑटोफ्लुओरोसन्स म्हणतात. वनस्पतींवर काम करणाऱ्यांनी हा शब्द मशीनच्या आधी शिकावा. मुळातलं लिग्निन, फेनॉलवर्गीय पदार्थ हे निळ्या प्रकाशात आपोआपच हिरवट-पिवळे चमकतात. मधल्या जलवाहिन्यांच्या भिंती सगळ्यात जास्त. हे कळल्यावर मी नळ्यांचा संच वाढवला: काहीच न लावलेलं मूळ, फक्त हिरवा डाय, फक्त लाल डाय, दोन्ही, आणि निर्जंतुक मातीच्या कुंडीत वाढवलेल्या, बुरशी नसलेल्या ज्वारीच्या मुळाला दोन्ही. परीक्षकांच्या निम्म्या शंका या पाच नळ्यांत मिटतात.

कव्हरस्लिपचंही सांगायलाच हवं. ६३ पटींच्या ऑइल ऑब्जेक्टिव्हचं (तेलाचा थेंब लावून वापरायच्या, नमुन्याकडच्या भिंगाचं) सगळं भिंगगणित ०.१७ मिलिमीटर जाडीच्या काचेसाठी बसवलेलं असतं. कॉलेजच्या डबीतल्या कव्हरस्लिपची जाडी सहसा लिहिलेली नसते. 'नंबर दीड' लिहिलेल्या मागवा, फार महाग नाहीत. कडा पारदर्शक नेलपॉलिशने बंद करा. रंगीत किंवा चमकीचं नेलपॉलिश स्वतःच चमकतं.

स्लॉट मिळाला होता ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. दोन दिवस आधी संध्याकाळी मेल आला, मशीनच्या खोलीतलं एसी बंद पडलंय, स्लॉट रद्द. लेसरची खोली ठरावीक तापमानाला नसेल तर मशीन चालू करत नाहीत, त्यामुळे भांडण्यात अर्थ नव्हता. नवी तारीख दिवाळीनंतरची, नोव्हेंबरच्या मध्यावरची. तोवर रंगवलेली मुळं फिकी पडणार हे नक्की. न रंगवलेली मुळं भरपूर शिल्लक होती म्हणून निभावलं. कधीही सगळा नमुना एकदम रंगवू नका. रजेचं मात्र पुन्हा पहिल्यापासून. ड्यूटी लीव्हचा जुना अर्ज रद्द, नवा अर्ज, त्याला नव्या तारखेचा मेल जोडायचा, आणि तोवर विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा तोंडावर आलेल्या. पर्यवेक्षणाची पाळी एका सहकाऱ्याने घेतली.

नोव्हेंबरात सोलापूरहून सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली. रंगवलेली मुळं नळ्यांत, नळ्या बर्फाच्या पिशवीसोबत डब्यात. स्लाइड तिथे जाऊनच बनवल्या, प्रवासात कव्हरस्लिप सरकायची भीती नको. स्लॉट दुपारचा घेतला होता, त्यामुळे ग्लिसरॉलमध्ये मुळं बसवायला तासभर मिळाला.

खोली अंधारी, थंड. स्वेटर न्या, थट्टा नाही. ऑपरेटर पंचविशीतला मुलगा होता, पण मशीनवर हात बसलेला. माझी चांगली स्लाइड पुढे केली तर म्हणाला, 'नाही मॅडम, आधी बिनरंगाची द्या.' त्या न रंगवलेल्या मुळावर त्याने लेसरची ताकद आणि डिटेक्टरचा गेन, म्हणजे संवेदनशीलता, इतका खाली आणला की मुळाची स्वतःची चमक जवळजवळ विझली. मग ते आकडे लिहून घेतले आणि सगळ्या स्लाइडना तेच ठेवले. सेटिंग प्रत्येक स्लाइडला बदललं तर तुलनाच संपते. लेसर दोन टक्क्यांवर होता. वाढवला की चित्र उजळतं, पण डाय जळतो. एकाच जागी फार वेळ घुटमळलं की तो चौकोन काळवंडतो आणि परत उजळत नाही. हिरवा आणि लाल एकदम न घेता आळीपाळीने घेतले, कारण एकदम घेतले तर हिरव्या डायचा थोडा प्रकाश लालच्या डिटेक्टरमध्येही शिरतो आणि रंग मिसळल्यासारखे होतात.

किती बारीक काप घ्यायचे यावर आमचा थोडा वाद झाला. मला वाटत होतं, पैसे भरलेत तर सगळ्यात बारीक घ्यावेत. त्याने विचारलं, 'तुमचा प्रश्न आत की बाहेर एवढाच आहे ना? मग एक मायक्रॉन पुरे.' आणि कागदावर हिशेब मांडला. १०२४ ओळींचं चित्र, सेकंदाला ४०० ओळी, म्हणजे एका चित्राला अडीच सेकंद. चित्रातला ठिपकेदार गोंगाट (नॉइज) कमी करायला प्रत्येक ओळ दोनदा. दोन रंग आळीपाळीने. झाले एका कापाला दहा सेकंद. ४५ मायक्रॉन खोल जायचं तर एका झेड-स्टॅकला, म्हणजे एका जागेच्या सगळ्या कापांच्या संचाला, साडेसात-आठ मिनिटं. पाव मायक्रॉनचे काप घेतले तर अर्धा तास! स्लॉटचा पहिला अर्धा-पाऊण तास सेटिंगमध्ये गेलेला असतो. उरलेल्या वेळात जागा शोधणं धरून एक मायक्रॉनवाले दहा-बारा स्टॅक होतात. तुम्ही किती नमुने न्यायचे ते याच हिशेबाने ठरवा. मी त्यापेक्षा बरेच जास्त घेऊन गेले होते, म्हणून कुठल्या शेताचे आधी ते तिथेच ठरवावं लागलं.

कितीही बारीक काप घेतले तरी प्रकाशाची स्वतःची मर्यादा आहेच: ठरावीक अंतरापेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. अर्न्स्ट अॅबे यांनी ती १८७३ मध्ये मांडली. माझ्या हिरव्या डायला आणि १.४ अॅपर्चरच्या (भिंग किती प्रकाश गोळा करतं त्याचं माप) ऑब्जेक्टिव्हला आडव्या दिशेत साधारण ०.२ मायक्रॉन, खोलीच्या दिशेत त्याच्या तिप्पट. शेजारच्या खोलीत ही मर्यादा ओलांडणारा सुपर-रेझोल्यूशन मायक्रोस्कोप होता, ज्या कामाला २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं त्या घराण्यातला. त्याचा दर विचारला आणि गप्प बसले. तसंही पेशीची भिंत आणि आरबस्क्यूल यांचं नातं कळायला ०.२ मायक्रॉन भरपूर आहे.

आणि मग ते दिसलं. पडद्यावर आधी नुसत्या लाल पेशीभिंतींची जाळी, मध्ये काळोख. फोकस खाली सरकला तशी एका पेशीच्या कोपऱ्यातून हिरवी दांडी आत आली. पुढच्या कापात तिचे दोन झाले, मग चार, आणि काही मायक्रॉन खाली अख्खी पेशी हिरव्या नक्षीने भरून गेली. आणखी खाली गेल्यावर नक्षी विरली, पेशीचा तळ आला, पुन्हा लाल भिंत. म्हणजे वर भिंत, खाली भिंत, मध्ये बुरशी. ट्रायपॅन ब्लूच्या हजारभर गाठी मोजून झाल्यावर पहिल्यांदा मी आरबस्क्यूल पाहिला असं म्हणायला हरकत नाही. ऑपरेटर तेवढ्यात घड्याळ बघून म्हणाला, 'सेव्ह करू?'

डेटा नेण्याचंही आधी विचारून ठेवा. व्हायरसच्या भीतीने पेनड्राइव्ह लावू देत नाहीत. फायली सर्व्हरवर टाकून लिंक दिली, ती पंधरा दिवस चालणारी. एक स्टॅक दोनशे एमबीच्या आसपास. गावातल्या इंटरनेटवर ते उतरवायला रात्री जागले. मूळ फाइल ज्या स्वरूपात येते त्याच स्वरूपात जपा, त्यात ऑब्जेक्टिव्ह, लेसर, गेन सगळी नोंद असते. नुसते जेपीजी घेऊन येणारे पुढे पेपरच्या वेळी स्केलबारसाठी, म्हणजे चित्रावरच्या मोजपट्टीसाठी, हात जोडत फिरतात.

विश्लेषण फिजी नावाच्या सॉफ्टवेअरवर केलं. फुकट आहे, आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवरही चालतं. आडवे-उभे छेद एकत्र दाखवणारी 'ऑर्थोगोनल व्ह्यूज' ही सोय माझ्या प्रश्नाचं थेट उत्तर होती: उभ्या छेदात हिरवं दोन लाल रेघांच्या मध्ये आहे की वर, ते लगेच कळतं. सगळे काप एकावर एक चढवून केलेलं एकच झगझगीत चित्र पोस्टरला छान दिसतं. पण खोलीची माहिती त्यात पुन्हा गमावतो, म्हणजे आलो होतो तिथेच परत. छापायला हिरव्या-लालऐवजी हिरवा-मॅजेंटा घेतला. लाल-हिरवा भेद न कळणाऱ्या वाचकालाही तो दिसतो.

निष्कर्ष थोडा अडचणीचा निघाला. बहुतेक गाठी खरोखर पेशीच्या आत होत्या. पण एका शेतातल्या नमुन्यांत ज्यांना मी आरबस्क्यूल म्हणून मोजलं होतं त्यातल्या काही पेशींच्या मधल्या फटीतले एकमेकांवर आलेले धागे होते. शिवाय डब्ल्यूजीए कुठल्याही बुरशीचं कायटिन धरतं, त्याला मायकोरायझा वेगळी कळत नाही. काही धाग्यांत ठरावीक अंतरावर आडपडदे स्पष्ट दिसले. मायकोरायझाच्या धाग्यांत ते सहसा नसतात, म्हणजे तिथे दुसरीच कुणी बुरशी नांदत होती. त्या शेताची मोजणी मला ट्रायपॅन ब्लूच्या स्लाइडवरून नव्याने करावी लागली, या वेळी नजर तयार असताना. कॉन्फोकलवर सगळे नमुने बघायची गरज नसते. थोडे नीट बघितले की साध्या मायक्रोस्कोपखाली काय शंकास्पद धरायचं ते समजतं.

जानेवारीच्या आरएसीत उभा छेद दाखवला. त्याच मॅडमनी तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, 'न रंगवलेल्या मुळाचं चित्र याच सेटिंगला आहे का?' होतं. पुढची स्लाइड तीच होती.

परतफेडीचं बिल भाऊसाहेबांकडे दिलं तेव्हा पावती, ऑनलाइन भरण्याचा यूटीआर क्रमांक, इतिवृत्ताची प्रत, रजेचा मंजूर अर्ज, रेल्वेचं तिकीट सगळं जोडलं होतं. तरी एक कागद कमी निघाला: त्या दिवशी मी तिथे हजर होते असं संस्थेचं प्रमाणपत्र. ते मेलने मागवलं तर सही करणारे अधिकारी रजेवर, मग तीन आठवडे गेले. पैसे फेब्रुवारीअखेर खात्यात आले. हजेरीचं प्रमाणपत्र मजकूर टाइप करून, दोन प्रतींत घरूनच घेऊन जा आणि निघण्याआधी सही-शिक्का करून घ्या. दुपारचा स्लॉट असेल तर स्लॉटच्या आधी, कारण संध्याकाळी ऑफिस बंद झालेलं असतं.